समोर बसून सांगतो

दाजी, "समोर बसून सांगतो" म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेलात. आता मी कोणाच्या समोर बसू?

रडायचं ते रडून झालं आहे. तुम्हाला बायकांचं रडणं सोसायचं नाही आणि मला ते नीट जमत नाही. म्हणून कामाचंच बोलते.

विलासरावांनी विकायला काढलेली गाडी बघून तुम्ही घरी गेलात, त्या संध्याकाळी मीच फोन केला होता. रोपवाटिकेत मिरचीच्या रोपांना पाणी चाललं होतं. मोटरीच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून शेडनेटच्या बाहेर येऊन उभी राहिले.

"दाजी, बघितली का?"

"बघितली."

"मग?"

"परवा येतो. समोर बसून सांगतो."

"व्हय का न्हाय, तेवढं तरी सांगा की."

"घाई करू नको, सुनंदाबाई."

धाकट्या मेव्हणीला चिडवायचं असलं की तुम्ही नावापुढे 'बाई' लावायचात. मी फोन ठेवला तो रागातच. त्यानंतर त्या वाक्याचा मी इतका कीस पाडला आहे की विचारू नका. घाई करू नको म्हणजे गाडी चांगली आहे, कुठे पळून जात नाही, असं? की गाडी घेऊच नको, असं? तुम्हाला बोलताना दम लागला होता का? मोटर चालू नसती तर कदाचित कळलं असतं.

गाडीचा निकाल फोनवर द्यायचा नाही, हा तुमचा नियम का पडला, तेही मला माहीत आहे. तुम्ही एकाला फोनवर सांगितलं होतं, "इंजिन तेल खातंय, हात लावू नका." त्याचा फोन स्पीकरवर होता आणि गाडीचा मालक शेजारच्या बाजेवर बसून शेंगा खात होता. तेव्हापासून तुम्ही समोर बसल्याशिवाय बोलायचा नाहीत. साखर कारखान्याच्या गॅरेजात तुमचं आयुष्य गेलं, पण सोमेश्वरनगरपासून इंदापुरापर्यंतचे पाहुणे तुम्हाला ओळखत होते ते गाड्या बघणारे दाजी म्हणून. जुनी गाडी घ्यायची ठरली की आधी तुम्हाला फोन, मग बँकेला.

या वेळची गाडी ऋतुजासाठी होती. माझ्या लेकीसाठी, तुमच्या भाचीसाठी. बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात ती लॅबमध्ये लागली, तेव्हा सगळ्यांत जास्त पेढे तुम्ही खाल्लेत, हे आता आठवून मला राग येतो. का येतो ते पुढे सांगते. लासुर्ण्याच्या अलीकडून बारामतीपर्यंत पोरगी रोज स्कूटीवर जाते. गाळप सुरू झालं की तो रस्ता कसा होतो, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत? एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, ड्रायव्हरच्या कानाशी स्पीकर. ट्रॉलीतून लोंबणारा ऊस शेजारून जाणाऱ्याच्या खांद्याला लागतो. गेल्या महिन्यात असाच एक ऊस तिच्या हेल्मेटवर बसला. घरी येऊन ती हसत सांगत होती आणि मी भाकरी थापता थापता थांबले होते.

पोहोचली की ती मिस्ड कॉल देते. तो येईपर्यंत मी रोपांचे ट्रे मोजते, मोजलेले परत मोजते. पावसाळ्यात खड्डे, हंगामात ऊस, उन्हाळ्यात वाळूचे डंपर. म्हणून गाडी हवी होती. नवीन घ्यायची माझी तयारी होती. तुम्हीच म्हणालात, "पहिलं वर्स ती गाडी खांबाला घासनार, गोठ्याच्या दाराला घासनार. जुनीला घासू दे. मी बघून देतो." तुम्ही बघून देणार म्हणून मी निर्धास्त झाले. निर्धास्त होणं माझ्या वाट्याला फारसं येत नाही, दाजी. तेवढ्यापुरती झाले होते.

मला गाडी शिकवलीत तीही तुम्हीच. हंगाम संपल्यावर कारखान्याचं उसाचं आवार रिकामं पडायचं, त्या एवढ्या मोठ्या मोकळ्या जागेत. रोपवाटिकेची पिकअप घेऊन नुकतीच आली होती, तुम्हीच पसंत केलेली. तुम्ही शेजारच्या सीटवर पाय वर घेऊन बसायचात, जणू खाली पाणी भरलंय. मी क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडायची.

"सुनंदाबाई, क्लच हाय त्यो. शिलाई मशीनचं पायडल न्हाय."

"मग तुम्ही चालवा."

"मी चालवून काय उपेग? रोपं तुझी, गिऱ्हाइकं तुझी. मी काय रोज येनार हाय व्हय तुझ्यासंगं?"

अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण आणि तुमची बायको, बाहेर लिंबाखाली बसून हसत होती. त्या आवारात मी गाडी शिकले आणि त्यानंतर रोपांची एकही खेप दुसऱ्याच्या भरवशावर पाठवली नाही. याबद्दल तुमचे आभार मी कधी मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही चेष्टाच केली असती.

पिकअप आजही चालते, कारण तुमचं बोलणं कानाला चिकटलेलं आहे. रेडिएटरात बोअरचं पाणी ओतायचं नाही. आमच्या बोअरच्या पाण्याने कळशीच्या आत पांढरा थर बसतो, तोच इंजिनाच्या आत बसतो. कूलंटच घालायचं. ऑइल किलोमीटरवर बदलायचं, आणि गाडी कमी फिरली तरी वर्षाने बदलायचंच. हवा सकाळी टायर गार असताना मोजायची. शेजारचा ऊस तुटला की उंदीर घराकडे सरकतात आणि बॉनेटच्या उबेला जाऊन वायरी खातात, म्हणून त्या दिवसांत रोज बॉनेट उघडून बघायचं. आणि ठिबकच्या नळ्या साफ करायच्या ॲसिडचा कॅन गाडीतून न्यायचा झाला तर परातीत ठेवून न्यायचा. "एक थेंब सांडला तर पत्रा खातंय त्ये. वरनं रंग तसाच ऱ्हातो, आतनं पापड व्हतो." माझ्या पिकअपमध्ये अजून ती जुनी ॲल्युमिनियमची परात आहे. तिच्या तळाला कॅनच्या बुडाचा गोल वळ उमटला आहे.

तुमची आणखी एक रीत होती, ती फक्त घरच्यांना ठाऊक. गाडी पसंत पडली तर तुम्ही मालकाच्या घरी चहा घ्यायचात. पसंत नसली तर "चहा बंद हाय माझा" म्हणून उठायचात. गाडीबद्दल तिथे एक अक्षर बोलायचं नाही. आम्ही बरोबर असलो की मालक गाडीचं कौतुक करत असायचा आणि आमचे डोळे तुमच्या कपाकडे. मी एकदा विचारलं होतं, असं का. तुम्ही म्हणालात, "ज्येची गाडी घ्यायची न्हाय, त्येचा चहा कशाला फुकट प्यायचा?" त्यासाठी गाडी बघायला जाताना तुम्ही घरूनही चहा न घेता निघायचात. अक्का कुरकुरायची, की हा माणूस उपाशी जातो आणि दुपारी डोकं धरून येतो.

आपलं भांडण होतं ते याच रीतीवरून. गेल्या भाऊबीजेलाही तुमच्या ओट्यावर तेच.

"तुम्ही चहा न घेता उठता, आपण वाचतो. पण पुढचं गिऱ्हाईक येऊन तीच गाडी घेतं. त्याला कोण सांगणार?"

"त्येचा त्यो बघंल."

"तुम्ही नुसतं आपल्यापुरतं बघता."

"व्हय, आपल्यापुरतंच. गावात ऱ्हायचंय मला. गाडी बघायचं काम माझं, भांडान लावायचं न्हाय. तुला हाय हौस तर तू सांग तोंडावर."

"सांगीन."

"सांग. मग चहाबी मिळनार न्हाय आन पानीबी."

अक्काने जेवायला हाक मारली, म्हणून ते तिथेच राहिलं. मला वाटत होतं, पुढच्या वेळी बघू.

तुमच्या दहाव्याला नीरेच्या काठावर प्रवचन झालं. महाराजांना कोणीतरी सांगितलं असणार की माणूस गाड्यांतला होता. शरीर ही जुनी गाडी, आत्मा तिचा चालक, परवाना संपला की उतरायचं, असं बराच वेळ चाललं. लोक माना हलवत होते. मला वाटलं, तुम्ही असता तर मागून हळूच म्हणाला असता, "महाराज, मग सर्व्हिसिंग कुनी करायची?" तेवढ्यावर मला हसू आलं आणि पदर तोंडाला लावावा लागला. शेजारच्या बायकांना वाटलं, मी रडते आहे. त्यांनी पाठीवरून हात फिरवला.

तेराव्याला विलासरावांची बायको शोभा आली. विलासराव म्हणजे तुमच्या साडूंचे मामेभाऊ. तुमच्या साडूंनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एका लग्नाच्या पंगतीत त्यांना शब्द देऊन टाकला होता, की गाडी काढायची झाली तर आम्हालाच द्या. न बघता. तुम्ही त्यावर म्हणाला होतात की पाहुण्याची गाडी घेणं म्हणजे गाडी आणि पाहुणा दोन्ही सांभाळणं. तर ती शोभा माझ्याजवळ बसली आणि डोळे पुसत म्हणाली, "वहिनी, माझ्या मनाला एकच लागून ऱ्हायलंय. आमच्या घरनं बिनचहाचे गेले वो दाजी. कप हातात दिला तर म्हनले, साखर बंद केलीया डॉक्टरनं. शेवटचे आले आन तसेच गेले."

सगळ्या बायका हळहळल्या. मला मात्र दुसरंच ऐकू आलं. चहा घेतला नाही. म्हणजे निकाल लागला. पण साखर बंद केली होती म्हणते, म्हणजे?

मी उठून आत अक्काकडे गेले. ती पातेली आवरत होती.

"अक्का, दाजींना डॉक्टरने साखर बंद केली होती?"

ती थांबली. "तुला कुनी सांगितलं?"

"केली होती का?"

"व्हय. इंदापूरला गुपचूप दाखवून आले. साखर निघाली, बीपी निघालं. कुनाला बोलू नको म्हनले. लोकं म्हनतील म्हातारा खचला, गाड्या बघाया बोलवायचं बंद करतील."

"आणि चहा? सोडला होता?"

"कवा सोडायचे, कवा प्यायचे. एक दिस घेतला, एक दिस न्हाय. तुझं काय चाललंय आज चहाचं?"

मी तिच्या हातातलं पातेलं घेऊन पुसायला लागले. ज्या माणसाने मला डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला की गाडी तिथल्या तिथे बाजूला घे, घरापर्यंत न्यायचा मोह धरू नको, असं शंभर वेळा बजावलं, त्याने स्वतःचा दिवा रुमालाने झाकून ठेवला. पेढ्यांचा राग तो हाच. तुम्ही सांगितलं असतं तर आम्ही तुम्हाला बोलवायचं बंद केलं असतं का? केलं असतं बहुतेक. मी तर नक्कीच. म्हणूनच सांगितलं नसणार. पण मग मी आता या रागाचं काय करू, ते सांगायला तरी तुम्ही हवे होता.

दोन दिवसांनी विलासरावांचा फोन. "वहिनी, दुखवट्याचं घर, बोलू न्हाय. पन अकलूजचं एक गिऱ्हाईक मागं लागलंय. तुमचा शब्द आधी, म्हनून इचारतो." तुमचे साडू म्हणाले, "घेऊन टाकू. विलास काय परका हाय? आन दाजींनी वंगाळ कायच सांगितलं न्हाय." मी म्हटलं, चांगलं तरी कुठे सांगितलंय. त्याच दिवशी ऋतुजाचा मिस्ड कॉल उशिरा आला. ट्रॉली उलटली होती, रस्ता ऊस पडून बंद होता. तेवढ्या वेळात माझं मन दोन्हीकडे जाऊन आलं. गाडी आजच घ्यावी असंही वाटलं. आणि तुम्ही बघून उठलेली गाडी मी पोरीखाली कशी देऊ, असंही.

शेवटी मी म्हटलं, मीच बघते. गाडी बघताना मी तुम्हाला इतक्या वेळा बघितलं आहे.

रविवारी सकाळी आम्ही दोघं विलासरावांच्या वस्तीवर गेलो. ऋतुजा कामावर होती. गाडी धुऊन दारात लावलेली, पांढरी, चकचकीत. मी आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं.

"तुमी येनार म्हनून जरा फिरवून आनली," विलासराव म्हणाले.

"मग गार होऊ द्या. गार इंजिन चालू करताना बघायचंय."

"वहिनी, दाजी बघून गेल्यात की सगळी."

"हो ना. मला दिसू द्या जरा त्यांना काय दिसलं ते."

तुमचे साडू आभाळाकडे बघायला लागले. शोभा म्हणाली चहा टाकते. मी म्हटलं, गाडी बघून झाल्यावर. आणि आम्ही डाळिंबाच्या शेडमध्ये जाऊन बसलो, पीक-पाण्याचं बोलत. माझं कशातच लक्ष नव्हतं. तुमच्यासारखं बघायला आले खरी, पण काय काय बघायचं ते मनात पुन्हा पुन्हा मोजत होते. काही चुकलं, काही दिसायचं राहिलं, तर मागे विचारायला कोणी नाही.

इंजिन गार झाल्यावर सुरू केलं. धूर निळा नव्हता, म्हणजे इंजिन तेल खात नव्हतं. ऑइलचं झाकण उघडून आतून बघितलं, पांढरा फेस नव्हता, म्हणजे पाणी तेलात मिसळत नव्हतं. इंजिन मात्र फवारणीच्या पंपाने धुतलेलं, त्यामुळे कुठे तेल गळतंय ते समजायला मार्ग नाही. बॉनेटच्या बोल्टांचा रंग उडालेला नव्हता. दारांचं रबर ओढून बघितलं, आत वेल्डिंगचे ठिपके कंपनीचे, सारख्या अंतरावर, म्हणजे गाडी कुठे ठोकलेली नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, चिखलाची रेघ नाही, म्हणजे गाडी पुरात बुडालेली नाही. मीटरवर किलोमीटर कमी आणि ब्रेकच्या पायडलचं रबर गुळगुळीत, म्हणजे मीटर मागे फिरवलेला असू शकतो, हे मनात ठेवलं. चारही टायर एकाच वर्षाचे नव्हते. रस्त्यावर नेऊन स्टिअरिंग सैल सोडलं, गाडी सरळ गेली. आरसीवर बँकेचा बोजा नाही.

"सोनोग्राफी करतीय का गाडीची?" तुमचे साडू हळूच म्हणाले.

मला वाटायला लागलं, गाडी बरी आहे. पायडल झिजलंय, टायर बदलावे लागतील, ते जुन्या गाडीत व्हायचंच. मग तुम्ही चहा घेतला नाहीत तो डॉक्टरमुळेच. हायसं वाटलं, आणि तेवढ्यातच वाईटही वाटलं. गाडी चांगली ठरायची तर तुम्ही आतून आजारी होता, हे मला कबूल करावं लागत होतं.

मग मी डिकी उघडली.

आत नवी कोरी मॅट. कडेने गोंद लावून घट्ट बसवलेली. "मुद्दाम टाकली वहिनी, पोरीची गाडी म्हनून," विलासराव म्हणाले. मी चारी बाजूंनी हात फिरवला. सगळीकडे पक्की. फक्त डाव्या हाताचा आतला कोपरा सुटलेला होता. आपोआप सुटल्यासारखा नव्हे. कोणीतरी नखाने सोडवून उचलला होता आणि परत दाबला नव्हता.

दाजी, तुम्ही गाडी बघून झाल्यावर सगळं होतं तसं करून ठेवायचात. रबर परत दाबायचात, झाकण बसवायचात, सीटसुद्धा मागेपुढे केलेली पूर्ववत करायचात. "मालकाला कळू न्हाय आपन कुठं हात घातला." मग हा कोपरा उघडा का ठेवलात? वाकलात तेव्हा छातीत काही झालं का? की मी येईन हे तुम्हाला माहीत होतं?

मी तो कोपरा धरून ओढला. खाली पत्र्यावर गोल वळ होता. माझ्या परातीच्या तळाला आहे तसाच, कॅनच्या बुडाएवढा. त्याच्याभोवती पत्र्याला पोळीसारखे पदर सुटले होते. वरून काळा रंग मारलेला. गंजाची रेघ चाकाच्या बाजूला वर चढत गेली होती, जिथे मागचा शॉकॲब्सॉर्बर आतून येऊन बसतो तिथपर्यंत. मी अंगठ्याने दाबलं. अंगठा आत गेला.

भरधाव गाडी खड्ड्यात आपटली असती तर ती जागा फाटली असती. ऋतुजा आत असताना. शेजारून उसाची ट्रॉली जात असताना.

मी मॅट होती तशी ठेवली. हाताला गंज लागला होता, तो पदराला पुसला. तोवर ओट्यावर चहा आला होता. शोभाने कप माझ्या पुढे धरला आणि तिचे डोळे भरून आले. "दाजी तसेच गेले. तुमी तरी घ्या वहिनी. माझ्या जिवाला बरं वाटंल."

तुमचे साडू माझ्याकडे बघत होते. त्यांनाही तुमची रीत माहीत. मी नुसतं "चहा बंद आहे" म्हटलं असतं तर काम झालं असतं. ते उठले असते, आम्ही निघालो असतो, घरी जाऊन काहीतरी सबब सांगितली असती. शोभा मात्र जन्मभर मनात धरून बसली असती, की या घराण्यातले दोघं आपल्या दारातून चहा न घेता गेले. आणि अकलूजचं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गेलं असतं. त्यालाही मुलंबाळं असतीलच.

मी कप खाली ठेवला आणि विलासरावांच्या समोर बसले.

"डिकीत ॲसिडचा कॅन सांडलाय. शॉकॲब्सॉर्बर बसतो तिथला पत्रा खलास झालाय. बोट आत जातंय. ही गाडी आम्ही घेणार नाही आणि तुम्ही कोणाला अशी विकूही नका."

विलासरावांचा चेहरा उतरला. "दाजी एवढा वेळ बघत होते. त्ये तर कायच बोलले न्हाईत."

"मला परवा समोर बसून सांगणार होते."

"म्हंजे त्यास्नी दिसलं व्हतं?"

"दिसलं होतं. म्हणून चहा घेतला नाही. साखरेमुळे नाही."

शोभाने पदर तोंडाशी नेला. विलासराव माझ्याकडे न बघता तुमच्या साडूंना म्हणाले, "भाऊ, शब्द दिला व्हता तुमी."

तुमचे साडू कधी माझ्या बाजूने लवकर बोलत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, परत घातली. मग म्हणाले, "शब्द माझा व्हता, विलास. पन पोरगी बी माझीच हाय."

विलासराव उठून गाडीकडे गेले. मॅट ओढल्याचा आवाज आला. त्यांना आधी माहीत होतं की नव्हतं, मी विचारलं नाही. बराच वेळ ते डिकीत वाकून उभे होते. ओट्यावर परत आले नाहीत. तुम्ही म्हणाला होतात ते निम्मं खरं ठरलं, भांडण लागलं. पण शोभाने डोळे पुसले, कप उचलून परत माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "सांगून झालं न्हवं? आता घ्या."

मी घेतला. गार झाला होता आणि गोड मिट्ट होता. सगळा प्याले. जे आहे ते तोंडावर सांगितल्यावर चहा प्यायला काय हरकत आहे, हे मी तुम्हाला त्या भाऊबीजेला पटवून द्यायला हवं होतं. तुम्ही मानलं नसतंत. पण कोपरा उघडा ठेवणारा माणूस शंभर टक्के आपल्यापुरतं बघणारा नव्हता, एवढं मी धरून चालते. तुमची हरकत असली तर ती ऐकायला आता मी कुठे येऊ?

विलासराव अजून बोलत नाहीत. अकलूजचं गिऱ्हाईक गेलं की राहिलं, मला माहीत नाही. गाडी मात्र गॅरेजात उभी आहे असं शोभा म्हणाली, तिने मला चोरून फोन केला होता. अक्काला मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "म्हंजे त्या दिवशी बिनचहाचेच आले घरी. मी इचारलंबी न्हाय." मी तिच्याजवळ बसून राहिले.

ऋतुजा अजून स्कूटीवरच जाते. आज तिचा मिस्ड कॉल वेळेवर आला. उद्या तिला सुट्टी आहे, आम्ही दोघी बारामतीला एक गाडी बघायला चाललो आहोत. मला भीती वाटते आहे, खोटं कशाला बोलू. सकाळी लवकर पोहोचायचं आहे, इंजिन गार असताना. घरून चहा न घेताच निघू.